आवाज करणारा पंखा

मी पंखा बोलतोय. छताला लटकणारा नव्हे; कॉम्प्युटरच्या पोटात, प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेला, तळहाताएवढासुद्धा नसलेला. प्रोसेसर तापतो, मी त्याला वारा घालतो. मी थांबलो तर तो भाजून निघेल, हे कळल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

२००२ साली कॉम्प्युटर जोडून विकणाऱ्या ललितने आपल्या दुकानात मला बसवलं आणि मी नाशिकला, सिडकोतल्या हर्षालीच्या घरी आलो. ती घरी टायपिंगची कामं करायची. मी घरघरायचो. "कॉम्प्युटर आहे की पिठाची गिरणी?" म्हणून ती हसायची.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, चांदवडहून तिचे आईवडील आले. वडील खंडेराव तीस वर्षं कांद्याचे लिलाव पुकारत आलेले. ट्रॅक्टरच्या रांगेत अगदी शेवटी उभ्या असलेल्या माणसालाही त्यांचा शब्द स्वच्छ ऐकू जायचा, म्हणे. आता त्याच घशात गाठ होती. सोमवारी ऑपरेशन. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं.

"बाबा, तुमचा आवाज मी यात भरून ठेवते," शुक्रवारी हर्षाली म्हणाली.

"घोगरा झालाय लय. तो काय ठेवायचा?"

"मला हवाय."

तिने खिडक्या लावल्या, छताचा पंखा बंद केला. खंडेराव माइकसमोर थोडं बोलले. तिने ते लावून ऐकलं, आणि तिचा चेहरा पडला. वडिलांच्या प्रत्येक शब्दाखाली माझी घरघर होती.

तिने कॅबिनेटचं झाकण काढलं. माझ्याकडे इतक्या रागाने तिने कधीच पाहिलं नव्हतं. "पाचच मिनिटं," ती म्हणाली आणि माझी वायर उपसली.

माझी पाती थांबली. खंडेराव पुन्हा बोलू लागले. लहानपणाच्या गोष्टी, शेतातली विहीर, थोरला भाऊ. इकडे माझ्या खालचं अॅल्युमिनियम तापत चाललं होतं. आधी कोमट, मग चटका, मग सोसवेना. मला ओरडावंसं वाटत होतं. पण माझा आवाज म्हणजे माझं फिरणं, आणि तेच तिने बंद केलं होतं. एकाएकी स्क्रीन काळा झाला. बोललेलं सगळं गेलं. खंडेरावांना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. तिची आई, मैनाबाई, पाणी घेऊन धावल्या. हर्षाली परत परत बटण दाबत होती, आणि कॉम्प्युटर चालू होत नव्हता.

शनिवारी दुपारी ललित आला. "ताई, हा बंद करायचा नसतो. आतल्या मदरबोर्डाने स्वतःच वीज तोडली म्हणून वाचलं."

त्याने टेबलावर दोन पंखे ठेवले. मी गारठलो. आता माझी गच्छंती!

"हा छोटा जोरात फिरतो, गारही छान करतो, पण शिट्टी मारतो. हा मोठा मागच्या बाजूला लावू. मोठं पातं हळू फिरलं तरी भरपूर हवा ओढतं. मग आपल्या या जुन्यालाही हळू चालवता येईल."

"आणि परत तापला तर? सोमवारी ऑपरेशन आहे, ललितभाऊ."

"तापमान स्क्रीनवर दिसतं. मी बसतो बघत."

त्याने माझ्या पात्यांतली धूळ झटकली, प्रोसेसरवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती ती खरवडून नवी लावली, मोठ्या पंख्याखाली रबराचे तुकडे घातले. माझा वेग निम्म्यावर आणला. इतकं हळू? एवढ्याने भागेल? अर्धा तास ललित हलला नाही. आकडा थोडा चढला आणि तिथेच थांबला.

रविवारी खंडेराव तासभर बोलले. लिलावही पुकारून दाखवला. मग म्हणाले, "पोरी, तू बाहेर जा. ते चालू राहू दे."

दार लागलं. खोली भट्टीसारखी झाली होती. त्यांनी माइक जवळ ओढला. मी जीव मुठीत धरून फिरत होतो. 'आत्ता नको, आत्ता बंद पडू नको.' मग ते हळूच म्हणाले, "मैना."

घरात ते बायकोला नेहमी 'अगं ए' म्हणायचे.

"मैना, जेवून घेत जा. माझी वाट बघत बसू नको."

ऑपरेशन झालं. चार वर्षं खंडेराव पाटीवर लिहून बोलले, मग गेले. हर्षाली पुण्याला गेली. बाकीच्या सगळ्या आवाजाची तिने सीडी करून नेली. दाराआड भरलेली ती एक फाइल मात्र आईची म्हणून तिने उघडलीही नाही, आणि कॉम्प्युटर चांदवडला पाठवून दिला. मैनाबाईंना दोनच गोष्टी येतात: बटण दाबणं आणि ती फाइल लावणं. रोज दुपारी त्या ती ऐकतात, मगच पहिला घास घेतात.

माझ्यातलं तेल आटलंय. सुरुवातीला पाती अडतात, दोन-तीन झटके खाऊन मगच फिरतात. हार्ड डिस्कही कटकट वाजू लागली आहे. हर्षाली, एकदा ये. तेवढी एक फाइल उतरवून घे, मग मला भंगारात टाक, माझी काही तक्रार नाही.

मैनाबाईंनी ताट वाढून घेतलंय. आत्ताच बटण दाबलं. मी झटके देतोय, पण पातं अजून हललेलं नाही.