पाण्यात उतरण्याआधी

तुम्ही माझ्या नवऱ्याला मला हात लावू दिला नाहीत. रब्बीसाहेब, स्पष्ट सांगते, हे तुमचंच काम.

ठाण्यात आम्ही बेने इस्राएल लोक इतके कडक कधीच नव्हतो. पाळीत वेगळं निजायचं, मग डोक्यावरून अंघोळ, झालं. एझ्राला चांगी बिझनेस पार्कात नोकरी लागली, आम्ही सिंगापूरला आलो आणि शुक्रवारी रात्री शब्बाथच्या जेवणाला लोक विचारू लागले, इंडियन? आणि ज्यू? खरंच? हसत विचारायचे, पण एझ्राला ते लागलं. मग तुम्ही वीतभर सांगायचात, तो हातभर पाळायचा.

मग मला दिवस गेले. तिसरा महिना लागला आणि कापडावर डाग दिसला. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. एझ्रा आधी ते कापड पिशवीत घालून तुमच्याकडे घेऊन आला. तुम्ही ते उजेडात धरलंत. तपकिरी आहे, लाल नाही, बायको शुद्ध आहे, असा निवाडा दिलात. घरी आला तो इतका खूश, जणू पोटातलं ठीक आहे असंच तुम्ही सांगितलं होतं. संध्याकाळी मला ईस्ट कोस्टला समुद्रावर फिरायला नेलं. हात धरून. शुद्ध होते ना.

त्याच आठवड्यात सगळं वाहून गेलं.

हॉस्पिटलातून परत आलो तर लिफ्टपाशी मी भिंत धरून खाली बसले. एझ्रा मागे, माझी बॅग छातीशी धरून. रडत होता. पण उभाच. रक्त जातंय तोवर मला शिवायचं नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या चिनी आंटीने हातातली भाजी खाली टाकली, मला काखेत धरलं आणि "स्लोली, स्लोली लाह" म्हणत दारापर्यंत आणलं. तिने एझ्राकडे कसं पाहिलं ते तुम्ही बघायला हवं होतं.

घरात त्याने चहा केला आणि टेबलावर ठेवून मागे सरला. माझ्या हातात द्यायचा नव्हता. सासूबाई ठाण्याहून व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांनी ते पाहिलं.

"मेल्या, तुझ्या बापाने मला असल्यातच उचलून टांग्यात घातलं होतं. तो काय ज्यू नव्हता?"

रब्बींना विचारतो, एवढंच तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, ते नंतर विचार. आधी आपण जमिनीवर बसू, दिवा लावू, गेलेल्यासाठी म्हणतात ते कद्दीश तू म्हण. कोणीतरी गेलंय आपलं. त्याने तुम्हाला फोन लावला. स्पीकर चालू होता, मी सगळं ऐकलं.

तुम्ही म्हणालात, "ते अजून बाळ नव्हतं. दुखवटा नाही, कद्दीश नाही."

त्याने हळूच विचारलं, मग हिला जवळ घेऊ?

"नाही. शास्त्राने ही प्रसूतीच धरायची. रक्त थांबू दे, सात शुद्ध दिवस जाऊ देत, मिक्व्यात बुडी मारू दे. मग."

एका दमात बोललात. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाहीत.

ते दिवस आज भरले. एझ्राने टॉवेल काढून ठेवलाय, टॅक्सी बोलावलीय. तुमच्या त्या शुद्धीच्या कुंडात मी एकदा बुडी मारली की तो मला जवळ घेणार. मला काय नकोय ते? त्याच्या कुशीत शिरून गुरासारखं ओरडायचंय मला. पण मी टॅक्सी परत पाठवली. तो सोफ्यावर तोंड झाकून बसलाय आणि मी इथे फोनवर तुमच्यासाठी हा निरोप बोलत उभी आहे, मधे टेबल.

जाईन मी. आधी मला सांगा. ते बाळ नव्हतं, तर मी बाळंतीण कशी? आणि मी बाळंतीण, तर माझ्या बाळासाठी त्याच्या बापाने रडायचं नाही, हे कुणी ठरवलं?

उत्तर द्या. एझ्राला नको, मला फोन करा.