चौथं पिंप

“हे पिंप उघड.”

“उघडायचं काय त्यात? चादरी आहेत, टॉवेल आहेत,” माझा नवरा एउरिकु म्हणाला आणि पिंपावरच ठाण मांडून बसला.

चादरी म्हणे! सामान बेटावर धाडायची बाकीची तीन पिंपं मी स्वतः भरली होती, आत उतरून, पायांनी दाबून दाबून. चादरींच्या पिंपाला कुणी कुलूप लावत नाही आणि त्याची किल्ली गळ्यातल्या संताच्या पदकाशेजारी अडकवत नाही. शिवाय मी ते ढकलून पाहिलं होतं. जागचं हललं नव्हतं.

मी संशयी आहे, हे आमच्या बेटावरच्या मिंदेलू गावाहून रॉटरडॅमला आलेल्या यच्चयावत लोकांना माहीत आहे. उगाच नाही झाले. जन्मभर दुसऱ्यांची ऑफिसं पुसली, आणि तिथं काही हरवलं की आधी माझ्या पिशवीत हात जायचे. आता आम्ही कायमचे बेटावर परत निघालो, तर वरच्या मजल्यावरची आर्लिंदा “बहिणीसाठी एवढ्या चपला ने गं” म्हणत आली. मी त्या चपला वाकवल्या, हुंगल्या, आत काही दडवलंय का म्हणून तळ ठोकून पाहिले. ती म्हणाली, “आता चावूनही बघ!” ती गेल्यावर तेही केलं असतं.

पण आर्लिंदाचं सोडा, घरच्या माणसाचंच लक्षण ठीक दिसत नव्हतं. जहाजावर नोकरी केलेला माणूस, कुठल्या बंदरात काय करून आला असेल देव जाणे. मिंदेलूत घर बांधायचं म्हणून दर वर्षी एकटाच जायचा. तिथं दुसरा संसार तर थाटला नाही ना? आणि आणखी एक. आमचा झेका अडीच वर्षांचा असताना गेला. एकुलता एक. दर रविवारी आम्ही दोघं त्याच्या थडग्यावर जातो. तर महिनाभर हा मला तिकडेही जाऊ देईना. कधी म्हणे पाऊस आहे, कधी म्हणे वाटेचं काम चालू आहे. निघायच्या तोंडावर लेकाला भेटू देत नाही, म्हणजे याच्या मनात नक्की काहीतरी काळंबेरं होतं.

“तिथं कोण आहे तुझी?” मी सरळच विचारलं.

“वेड लागलंय का तुला?”

“मग किल्ली दे. नाहीतर तू एकटाच जा. इथं गारठून मरेन, पण फसवून घेऊन मी त्या बेटावर पाय ठेवणार नाही.”

तो पिंपावरून उठला. मग गळ्यातली किल्ली काढून दिली.

वर खरंच टॉवेल होते. मी ते भराभर उपसून खोलीभर फेकले. खाली तांदळाची पिशवी, आणि तिच्याखाली आमच्या जुन्या घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी टणक. मी घोंगडीत हात घातला. दगडावर कोरलेली अक्षरं बोटांना लागली. ती अक्षरं दर रविवारी मीच ब्रशने घासायचे.

झेकाचा दगड.

“थडग्याची मुदत संपली गं,” एउरिकु म्हणाला. “इथं ती जागा भाड्याचीच असते ना. आपण गेल्यावर पुढचं भाडं कोण भरणार? मग दफनभूमीचे लोक दगड काढतात आणि फोडून खडी करतात. आपल्या पोराच्या नावाची खडी...”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर निघाली असतीस?”

नसते. ते त्याला बरोबर कळलं होतं, याचाच मला जास्त संताप आला. “माझ्या लेकाच्या उशाचा दगड मला न विचारता उपटलास!” मी ओरडले, त्याच्या छातीवर बुक्के मारले. तो मार खात उभा राहिला.

“आणि झेका?” शेवटी मी विचारलं.

“तो तिथंच राहणार, झुल्मिरा.”

संध्याकाळी आम्ही दफनभूमीत जाऊन आलो. जागेवर नुसता एक फिकट चौकोन उरला होता. सवयीने मी ब्रश नेला होता, तो तसाच परत आणला. घरी येऊन दगड पुन्हा गुंडाळला आणि सगळे टॉवेल त्याच्याभोवती कोंबले. किल्ली या वेळी माझ्या गळ्यात घातली.

सकाळी तोलेंतिनु ट्रक आणि दोन माणसं घेऊन आला. सामान बेटावर पाठवायचा त्याचा धंदाच आहे. त्याच्या माणसांनी पहिली तीन पिंपं आडवी केली आणि गडगडत ट्रककडे नेली. चौथ्याला हात घातला तशी मी आडवी आले.

“हे लोळवायचं नाही.”

“मावशी, पिंपं लोळवूनच नेतात. असं आहे काय त्यात?”

“घरातलंच आहे. उभंच उचला.”

वरून आर्लिंदा ओरडली, “सोनं असणार! ऑफिसं पुसून पुसून जमवलेलं!”

म्हणू दिलं. तोलेंतिनुनेही माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण खाली दोन फळ्या घातल्या. तो, त्याची दोन माणसं आणि एउरिकु, चौघांनी मिळून पिंप उचललं. मी झाकणावर हात ठेवून मागून चालत गेले. ट्रक चार पावलांवर होता, पण मी त्यांना घाई करू दिली नाही.