बायोडेटातली एक ओळ

मंगळवारी दुपारी पोस्टमनने बेलवलीतल्या रोकड्यांच्या दारात एक लांबट पाकीट टाकलं. वर टाइप केलेली अक्षरं बघूनच सुंदराबाईंनी ओळखलं, हे अंजनीचं. त्यांनी ते उघडलं नाही. मांडीवरची जीन्सची पँट बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि बुद्धविहारात अभ्यासाला बसलेल्या लेकीला बोलवायला स्वतःच गेल्या.

अंजनीने विहाराच्या पायरीवर उभ्या उभ्याच पत्र वाचलं. पुढच्या शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता, अंबरनाथ एमआयडीसीत इंटरव्ह्यू. कंपनी औषधांच्या आणि रंगांच्या कारखान्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम बनवायची, तिथे ट्रेनी हवे होते. ते १९९५ साल होतं. अंजनी बी.एस्सी. झाली होती आणि उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये वर्षभर कॉम्प्युटरच्या क्लासला गेली होती. बेलवलीतल्या त्यांच्या गल्लीत अशा नोकरीसाठी बोलावणं आलेली ती पहिलीच मुलगी.

"कधी?" सुंदराबाईंनी विचारलं.

"अजून दहा दिवस आहेत."

"मग भरपूर आहेत की."

संध्याकाळी अंजनीने बायोडेटाची जपून ठेवलेली कार्बन कॉपी बाहेर काढली. त्यातलंच विचारतात, असं क्लासमध्ये सांगितलं होतं, म्हणून ती एकेक ओळ नीट वाचायला लागली. नाव, पत्ता, मार्क. मग कॉम्प्युटरच्या भाषा. डीबेस, फॉक्सप्रो. आणि त्यापुढे, स्वल्पविराम देऊन, सी आणि युनिक्स.

तिने ओळ पुन्हा वाचली. सी तिला येत नव्हतं. युनिक्स तर तिने डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. बायोडेटा टाइप करून घेतला त्या दिवशी टायपिंगच्या दुकानात गर्दी होती. तिने मार्क बरोबर आहेत ना एवढं बघितलं, सही केली आणि पोस्टात टाकून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी ती कॅम्प तीनला गेली. टायपिंगवाले परसोभाई मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "अरे बेटी, सबका डालता हूँ. वो जगह खाली खाली लग रही थी."

"पण मला येत नाही ते, आणि पुढच्या शुक्रवारी इंटरव्ह्यू आहे!"

"तो सीख ले. दस दिन है ना?"

भांडून काही होणार नव्हतं. बायोडेटा गेला होता, त्यावर तिची सही होती. कंपनीला कळवावं तर पोस्टाला चार दिवस लागणार, आणि वाचून त्यांनी बोलावणंच रद्द केलं तर? शेवटी ती गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाळादादाकडे गेली. तो डोंबिवलीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. त्याने सीचं जाडजूड पुस्तक दिलं, पण हसूनच.

"दहा दिवसांत सी? अगं, दहा दिवसांत सायकल येत नाही नीट."

तरी ती बसली. सकाळी विहारात पुस्तक, दुपारी वहीत प्रोग्रॅम. घरी कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे लिहिलेलं चालतं की नाही हे कळायला मार्गच नव्हता. चौथ्या दिवशी सीमधलं सगळ्यात अवघड, पॉइंटरचं प्रकरण आलं आणि तिथे ती पार अडकली. एकच पान सहा वेळा वाचून तिने पुस्तक मिटलं. जेवण जाईना. आरशासमोर उभं राहून इंग्रजी बोलायची, तर त्या ओळीपाशी अडखळायची.

इंटरव्ह्यूची तयारी सुंदराबाई घ्यायच्या. अंजनीने त्यांना प्रश्न मराठी अक्षरांत लिहून दिले होते. कारखान्यातून आणलेल्या पँटींचा ढीग शेजारी, हातात कात्री, आणि एकेक लोंबता धागा कापता कापता त्या साहेबाच्या आवाजात विचारायच्या, "टेल मी अबाउट युवरसेल्फ."

अंजनी उत्तर द्यायची. सुंदराबाईंना त्यातलं काही कळायचं नाही, पण त्या चेहरा बघायच्या. "हे बरं झालं," "इथे फार भरभर बोललीस," असं सांगायच्या. बुधवारी त्यांनी विचारलं, "विच लँग्वेजेस डू यू नो?" आणि अंजनी थांबली. रोज याच प्रश्नाला थांबायची.

सुंदराबाईंनी कात्री खाली ठेवली. "काय आहे ह्या प्रश्नात?"

अंजनीने सगळं सांगितलं. सांगताना रडली. वडील किसन तेव्हा अंबरनाथला कारखान्यात होते, पाळी संपायला वेळ होता.

"बाबांना एवढ्यात बोलू नकोस," सुंदराबाई म्हणाल्या. "ते उद्याच रजा टाकतील आणि कंपनीत जाऊन माफी मागून येतील."

"मग मी काय करू?"

"साहेबाने विचारायच्या आधी तू सांगून टाक. विचारल्यावर सांगितलंस तर पकडली गेलीस असं दिसेल."

"आणि त्यांनी हाकललं तर?"

"तर घरी ये. घर कुठे गेलंय?"

त्या दिवसापासून अंजनीने सीचं पुस्तक बंद केलं. फॉक्सप्रोच्या जुन्या वह्या काढल्या आणि जे येत होतं तेच पुन्हा पक्कं केलं.

शुक्रवारी ती साडेदहालाच पोचली. बाकावर पाच मुलगे बसले होते, चौघांना टाय. मुलगी ती एकटीच. दोघे जण पॉइंटरवर चर्चा करत होते. एकेक जण आत जायचा आणि पडलेल्या चेहऱ्याने बाहेर यायचा. तिचा नंबर पाचवा होता.

आत केळुसकर नावाचे साहेब होते. पन्नाशीचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. त्यांनी बसा म्हणायच्या आधीच अंजनीने पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, "सर, देअर इज वन मिस्टेक इन माय..." आणि पुढचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं.

"बसा," केळुसकर म्हणाले. "मराठीत सांगा."

तिने सांगितलं. सी येत नाही. युनिक्स येत नाही. ती ओळ टायपिंगवाल्याने घातली, पण न वाचता सही केली ही चूक आपली. आठवडाभर शिकायचा प्रयत्न केला, जमलं नाही. फॉक्सप्रो मात्र येतं.

केळुसकरांनी समोरचे कागद पसरून तिच्याकडे वळवले. पाच बायोडेटा होते. पाचही एकाच मशीनवर टाइप केलेले, पाचांतही तीच ओळ, शेवटी तेच सी आणि युनिक्स.

"सकाळपासून चार जण आले," ते म्हणाले. "चौघेही सी येतं म्हणाले आणि चौघांनाही येत नव्हतं. आणि युनिक्सचं म्हणाल तर आमच्याकडे त्याचं मशीनच नाही."

अंजनीला हसावं की नाही कळेना.

"खरं सांगितलंत ते चांगलं. पण तेवढ्यावर कामाला घेता येत नाही. येतं काय ते दाखवा."

त्यांनी तिला शेजारच्या खोलीत एका कॉम्प्युटरसमोर बसवलं. एका औषध कारखान्याचा प्रोग्रॅम होता. त्यातली बॅचची यादी उलटसुलट येत होती. एक नंबरच्या बॅचनंतर एकदम दहा, मग अकरा, बारा, आणि दोन नंबर कुठेतरी खाली. "का ते शोधा. अर्धा तास."

पहिली पाच मिनिटं तिला फक्त पडद्याचे रंग दिसत होते. क्लासमध्ये काळ्यावर हिरवी अक्षरं असायची. मग तिने एक यादी नव्याने लावून बघितली. तीच गडबड. नंतर फाइलची रचना उघडली आणि बॅचच्या रकान्याजवळ ती थबकली. तिथे 'आकडा' असं नव्हतं लिहिलं, 'अक्षरं' असं लिहिलं होतं. तिच्या बोटांना एकदम वाट सापडली. एक ओळ बदलली, यादी पुन्हा चालवली. एक, दोन, तीन, चार.

केळुसकर मागे येऊन उभे होते. "काय होतं?"

"सर, मशीन हे नंबर मोजत नव्हतं, वाचत होतं. शब्दकोशात लावतात तसं. म्हणून एकच्या मागे दहा."

"पुन्हा सांगा जरा."

तिने पुन्हा सांगितलं, या वेळी न अडखळता. केळुसकरांनी स्वतः दोनदा यादी चालवून बघितली. "कारखान्यातल्या लोकांना हे असं सांगता आलं पाहिजे," ते म्हणाले. "सोमवारी साडेआठला या. सहा महिने ट्रेनी."

"म्हणजे... पुढच्या राउंडला?"

"म्हणजे कामाला. सी लागलंच तर आम्ही शिकवू."

जिना उतरताना ती शेवटच्या पायरीवर बसली. छातीवर दहा दिवस बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. श्वास इतका खोल आत जातो, हे ती विसरूनच गेली होती. समोरून टेम्पो जात होते, हवेत केमिकलचा वास होता, आणि तिला तोही बरा वाटला.

किसनचा कारखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. जेवणाची सुट्टी झाली होती. वॉचमनने निरोप दिला तसे ते डबा हातात घेऊनच धावत फाटकाशी आले. "काय झालं? घरी सगळं ठीक?"

"सोमवारपासून कामावर यायला सांगितलंय, बाबा."

किसन फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसले, तिला शेजारी बसवलं. मग तिने ओळीची गोष्टही सांगितली, सुरुवातीपासून. ऐकताना त्यांच्या कपाळावर आठी आली, तिने आधी जाऊन सांगितलं हे कळल्यावर ती गेली.

"बरं केलंस," ते म्हणाले. "खाल्लंस काही?"

तेव्हा तिला कळलं की तिला कडाडून भूक लागली आहे. त्यांनी डबा उघडून तिच्यासमोर ठेवला. दोन भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदा. एक भाकरी तिने संपवली आणि दुसरीचा तुकडा मोडताना थांबली.

"खा खा," किसन म्हणाले. "मी कँटीनमध्ये खातो काहीतरी."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. ते उठले, फाटकातून आत गेले, आणि वॉचमनच्या खिडकीशी थांबून त्याला काहीतरी सांगायला लागले. वॉचमनने मान बाहेर काढून अंजनीकडे बघितलं आणि हात वर केला. तोंडात घास होता, म्हणून तिनेही नुसताच हात हलवला.