धाकटीची काळी शाल

मागच्या खेपेला व्हॅक्यूम क्लीनरची भरलेली पिशवी आक्कांनी बाहेर काढताना दाबली आणि सगळी खोली धुळीने माखली. धाकटी जाऊ ते अजून चवीने सांगत फिरे. आज ती पाहुणी आली आणि नेमकी पिशवी भरली.

"सूनबाईंना येऊ द्या, आक्का. तुम्हाला नाही जमायचं."

आक्कांनी धाकटीचीच काळी शाल ओढून जमिनीवर अंथरली आणि यंत्र त्या शालीवर ठेवलं.

"अहो, माझी शाल!"

"काळ्यावर धूळ लपत नाही. बघ नीट."

त्यांनी पिशवीच्या तोंडावर आधी चिकटपट्टी लावली, मग न दाबता ती अलगद उचलून कचऱ्याच्या पिशवीत सोडली. नवी पिशवी खटकन बसली.

धाकटीने चष्मा चढवून शाल उजेडात धरली. फक्त एक तांबूस केस निघाला.

"तुझाच आहे," आक्का म्हणाल्या. "रंगवलेला."