अर्ध्या बॅरलातलं डाळिंब

मित्रांनो, मी एक जुना निळा बॅरल आहे, आणि तोही अर्धाच. माझा वरचा अर्धा भाग समोर कठड्याला टेकून पडला आहे. दिवसभर आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसतो. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एका अरुंद बोळात दोन खोल्यांचं घर आहे. त्याच्या गच्चीवर, म्हणजे जेमतेम दोन बाजा मावतील एवढ्या जागेत, माझा मुक्काम आहे. माझ्या पोटात माती आहे आणि मातीच्या मधोमध एक खड्डा आहे. त्या खड्ड्यात काय होतं, ते तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात घालून फुगवलं की आमच्यासारखे गुबगुबीत बॅरल तयार होतात. बाळाला पहिल्या दिवशी मध चाटवतात. माझ्या पोटात पहिल्याच दिवशी जळजळीत रसायन ओतलं आणि वर कवटीचं चित्र चिकटवून मला टॉवेलचं सूत रंगवणाऱ्या एका डाईंगमध्ये पाठवलं. तिथले कामगार मला नाक दाबून हलवायचे. पोटातलं विष संपल्यावर माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला धनाजीने घरी आणलं. तो त्याच डाईंगमध्ये माल भरायच्या टेम्पोवर होता. त्याने मला चुन्याने घासलं आणि चार वेळा पाणी भरून ओतून दिलं. कवटी काही पूर्ण निघाली नाही. तिचा एक डोळा अजून माझ्या अंगावर आहे.

त्या घरात मी दहा वर्षं वापरायचं पाणी साठवलं. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं. त्यामुळे घरात माझा मान मोठा होता. धनाजीची बायको ऋतुजा तर म्हणायची, "घरात दोनच कर्ते हायत, एक धनी नि एक बॅरल." पाणी यायच्या दिवशी मात्र पेठेतली एक रीत मला खटकायची. नळाला धार लागली की बायका आधी उरलेलं पाणी गटारीत ओतून देत. ते म्हणे शिळं झालं. चार दिवस ज्याला तांब्यातांब्याने जपलं, ते नवं पाणी येताच नकोसं व्हायचं. पुढे गच्चीवर मोठी टाकी बसली आणि माझीही तीच गत झाली. गरज सरो, वैद्य मरो. मला कोपऱ्यात लोटलं आणि तीन उन्हाळे मी रिकाम्या पोटी तडकत राहिलो.

मग एके दिवशी तानाबाई आली.

तानाबाई ही धनाजीची आई. तिचं गाव सांगोल्याच्या बाजूला, कोरड्या माळावर. तिचा नवरा हरिबा मेंढरं राखता राखता म्हातारा झाला आणि शेवटच्या वर्षांत त्याने खांद्यावरून पाणी वाहून डाळिंबाची चाळीस झाडं जगवली. तो गेला, आणि दोनच वर्षांत ते रान नव्या रस्त्यात गेलं. मशीन येऊन एका दिवसात चाळीस झाडं आडवी करून गेलं. मेंढरं तिने भावाला, माउलीला, दिली आणि ती लेकाकडे आली. येताना लुगड्यांचं गाठोडं नव्हतं. एका पोत्यात कुजून भुरभुरीत झालेलं लेंडीखत होतं आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक गुटी होती. मशीन यायच्या आधीच तिने हरिबाच्या झाडाच्या फांदीची साल काढून, माती बांधून तिला मुळं फुटू दिली होती. चाळीस झाडांतलं तेवढंच उरलं होतं.

पहिले आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही. भाकरी पुढे ठेवली की चतकोर खाऊन ताट सरकवायची. नवव्या दिवशी ती गच्चीवर आली, तिने माझ्या अंगावर बुक्की मारून पाहिली आणि लेकाला हाक दिली.

"धना, ह्येला मदनं काप."

"आये, त्यात केमिकल हुतं गं. झाड मरंल."

"माणसानं इतकी वर्सं त्येच्यात पाणी भरलं, तवा न्हाय मेलं कुणी. काप म्हणते ना."

धनाजीने करवत लावली. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण बुडाला भोकं पाडून तिने माझ्यात माती भरली, तेव्हा माझी मलाच भीती वाटली. आयुष्यभर विष वाहिलेलं हे पोट. यात मूळ धरेल का? ती माती तिने नव्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यातून घमेल्याने आणली होती, दोन जिने चढून. खाली वाळू, वर माती, त्यात ते जुनं लेंडीखत, आणि मधोमध हरिबाचं डाळिंब. वरच्या अर्ध्या भागाचं झाकण घट्ट करून तिने तो पालथा ठेवला. तो पाणी साठवायला झाला.

पाण्यासाठी तिने शेजारी शब्द टाकला. आमच्या कठड्यापलीकडे महेश्वरीची गच्ची आहे. ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. नळ आला की ती बादली कलंडायची, ते पाहून तानाबाई म्हणाली, "बाई, ती बादली वतू नगं. हितं दे."

"शिळं पाणी घेऊन काय करणार की आजी?"

"माज्या झाडाला शिळंताजं कळत न्हाय."

महेश्वरी आधी हसली. मग दर पाचव्या दिवशी कठड्यावरून दोन बादल्या येऊ लागल्या. हळूहळू बोळातल्या आणखी दोघी पाणी देऊ लागल्या. तेलाच्या डब्यात मेथी आली, फुटक्या बादलीत मिरच्या लागल्या, जुन्या पाटीत कोथिंबीर आली. बाया संध्याकाळी टेकायला येऊ लागल्या आणि तानाबाई पूर्ण भाकरी खाऊ लागली. मित्रांनो, ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. माझ्या पोटात मुळं सरकताना मला गुदगुल्या व्हायच्या. झाडाची एक फांदी छाटून तानाबाईने महेश्वरीला दिली होती. तिने ती पुढच्या सज्जात रंगाच्या डब्यात लावली आणि तिलाही पालवी फुटली.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात माझ्या डाळिंबाला फुलं आली. बरीचशी गळाली, पण दोन फुलं धरली. तानाबाई रोज सकाळी येऊन ती दोन फळं बघायची, हात मात्र लावायची नाही. "माज्या धन्याच्या झाडाचं हाय," एवढंच म्हणायची.

आणि इथेच घात झाला. फळ धरलं म्हणजे झाडाला आता खायला जास्त लागणार, असं तिच्या मनाने घेतलं. जुनं खत संपलं होतं. तिने माउलीला निरोप धाडला आणि तो पोतंभर लेंड्या घेऊन आला. ताज्या, मेंढरांच्या वाड्यातून त्याच आठवड्यात झाडलेल्या. गावाकडे पेरणीआधी रानात मेंढरं बसवतात, वरून पाऊस पडतो आणि पीक काळंभोर येतं. तानाबाईचं सगळं आयुष्य हे पाहण्यात गेलं होतं. पण ते एकराचं रान. मी गुडघ्याइतका अर्धा बॅरल. तिने मला गळ्यापर्यंत लेंड्यांनी भरलं, वर मातीचा थर दिला आणि समाधानाने हात झटकले.

वैशाख होता. त्यात कुठे पाइपलाइन फुटली आणि नळ आठ दिवस आला नाही. माझ्या पोटात ताप चढू लागला. लेंड्या आतल्या आत पेटल्यासारख्या झाल्या. प्लास्टिकच्या अंगातून वाफ जाणार कुठून? वरची मुळं करपत होती आणि मला ते कळत होतं. पहिल्यांदा मला वाटलं, हे माझंच जुनं विष वर आलं. पानं कडेने तपकिरी झाली, तशी तानाबाई म्हणाली, "भुक्यालं हाय गं लेकरू." आणि तिने आणखी एक पाटी लेंड्या घातल्या. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. पाच दिवसांत दोन्ही फळं सुकून पडली. दहाव्या दिवशी झाडाचा खराटा झाला.

त्या सकाळी पाणी आलं. महेश्वरीने नेहमीसारखी बादली कठड्यावर ठेवली. तानाबाईने ती हाताने लोटून दिली.

"मागल्या खेपेला साबनाचं पाणी घातलंस तू. तुज्या पाण्यानंच मेलं."

"आजी, देवाशप्पथ, साबणाचं न्हाई ते."

"तुला काय त्येचं? तुजं काय गेलं?"

बोळातल्या बाया ऐकत होत्या.  महेश्वरी रिकामी बादली उचलून खाली गेली. त्या दिवसापासून कठड्यावरून पाणी यायचं बंद झालं. बाकीच्या दोघीही लांबल्या, उगाच आपल्यावर आळ नको म्हणून. मेथी गेली, मिरच्या गेल्या. तानाबाई पुन्हा चतकोरावर आली. खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी गप्प होतो. असं गप्प बसणं फार वाईट असतं.

पंधरा-वीस दिवसांनी ती झाडाचं खोड काढायला बसली. तिने मातीत हात घातला आणि झटकन मागे घेतला. माती अजून कढत होती. लेंड्यांचा उग्र वास नाकात शिरला. तिने खोड उपटलं. वरची मुळं कोळशासारखी काळी पडली होती. अगदी तळाशी, लेंड्यांपासून लांब, चार पांढरे धागे तेवढे उरले होते. आयुष्यभर खत हाताळलेल्या बाईला आणखी काय सांगावं लागतं? ती खोड मांडीवर घेऊन बसली.

"म्याच जाळलं की," ती म्हणाली. "माज्याच हातानं जाळलं."

मग ती उठून कठड्यापाशी गेली. महेश्वरी वाळलेले टॉवेल काढत होती.

"महेश्वरी, माजं चुकलं बाई. तुज्या पाण्यात काय नव्हतं. ताजी लेंडी लागली त्येला." ती कठड्यावरून वाकली. "तुला दिलेली फांदी हाय न्हवं? तिची येक गुटी बांदू दे मला. लई उपकार हुतील."

महेश्वरी हातातला टॉवेल पिळत राहिली. तो कोरडाच होता.

"त्या दिवशी उपटून टाकली आजी. सगळ्यांसमोर म्हणलाव ना, तुज्या पाण्यानं मेलं. राग आला. गटारीत टाकली."

तानाबाईने मान हलवली. रागावली नाही, रडलीही नाही. "बराबर केलंस," म्हणाली आणि कठड्याला धरून खाली बसली. पलीकडे महेश्वरीही बसली. मधे गुडघाभर भिंत होती. हरिबाची चाळीस झाडं त्या सकाळी खरी संपली.

मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्याने शहाणपण शिकवू नये, पण एवढं ऐका. झाड लावाल तेव्हा त्याला किती देता याआधी कशात लावलंय ते बघा. रानाला पुरेल एवढी माया बॅरलात ओतली की ती जाळते. आणि एखादं रोप मेलं, तर कुणावर आळ घेण्याआधी मातीत हात घालून पाहा. पंधरा दिवस आधी हात घातला असता, तर महेश्वरीच्या सज्जात एक फांदी अजून हिरवी असती.

काल नळ आला. महेश्वरी दोन बादल्या शिळं पाणी घेऊन कठडा ओलांडून आली आणि माझ्यातल्या रिकाम्या खड्ड्यात तिने ते हळूहळू ओतलं. तानाबाई शेजारी बसून बघत होती. माझ्यात काही लावलेलं नाही, हे दोघींनाही माहीत आहे.