मालकाची संमती

चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरातली गोष्ट. उरवड्याची चांगुणा हैबतरावांच्या खळ्यावर भात झोडून दुपारी घरी आली, हातपाय धुतले आणि कोनाड्यात हात घातला, तर वही नव्हती. तिनं पेटीमागं पाहिलं, अंथरुणाच्या वळकटीत पाहिलं. ओट्यावर तिचा नवरा भिकाजी बसला होता. त्याला विचारलं तर त्यानं मान दुसरीकडं वळवली.

भिकाजीच्या अंगावरून वारं गेलं त्याला वर्ष होत आलं होतं. उजवा हात लुळा पडला होता आणि जीभ जड झाली होती. एक शब्द बाहेर काढायला त्याला इतके कष्ट पडत की शक्यतो तो बोलायचं टाळायचाच. त्यामुळं त्यानं मान वळवली याचं चांगुणाला काही वाटलं नाही. शेजारच्या रंभाबाईनं सांगितलं की सकाळी कॉलेजची पोरं घरोघर रद्दी मागत फिरत होती, तुमच्याही दारात आली होती. चांगुणा तशीच उंबऱ्यावर बसली.

पुण्याच्या तीन कॉलेजांची शिबिरं त्या वर्षी मुळशीत भरली होती. एक उरवड्यात, एक नेऱ्यात, एक कासारसाईला. पोरं अर्धा दिवस श्रमदान करायची, रस्त्याला मुरूम टाकायची, आणि उरलेला अर्धा दिवस एका स्पर्धेच्या मागं असायची. स्पर्धा अशी, की आपल्या गावातून जास्तीत जास्त टाकाऊ माल गोळा करायचा आणि शिबिरात मात्र कमीत कमी टाकून द्यायचं. रद्दी, बाटल्या, डबे, चिंध्या, सगळ्याला वजनावर गुण. शिबिरात उष्टं टाकलं तर गुण वजा. सगळ्यांत जास्त गुण होते ते कोऱ्या पानांना. जुन्या वह्यांतली न लिहिलेली पानं सोडवून घ्यायची, त्यांच्या नव्या वह्या शिवायच्या आणि गावच्या शाळांना वाटायच्या. लिहिलेली पानं रद्दीत. शेवटच्या दिवशी तिन्ही कॉलेजांनी आपापला माल पिरंगुटच्या शाळेत आणायचा, तिथं वजन आणि निकाल.

या स्पर्धेचे अकरा नियम प्राध्यापक गुंजाळांनी केले होते. गुंजाळ सर अर्थशास्त्र शिकवायचे. माणूस सरळ, पण नियमाच्या बाबतीत कडक. आदल्या वर्षी एका कॉलेजनं ओळखीच्या दुकानदाराकडून वर्तमानपत्रांचे गठ्ठे उसने आणले, तोलून दाखवले आणि संध्याकाळी परत नेऊन दिले. ते कळल्यावर सरांनी या वर्षी सहावा नियम घातला, की एकदा जमा झालेली वस्तू कोणत्याही कारणानं परत दिली जाणार नाही. नियमांच्या छापील प्रती तिन्ही शिबिरांच्या दाराला चिकटवलेल्या होत्या.

आता त्या वहीचं सांगायला हवं.

पाच वर्षांपूर्वी उरवड्याच्या विहारात प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायचा वर्ग निघाला. चांगुणा दोन दिवस गेली. बरोबरच्या सुना भराभर अक्षरं काढत होत्या आणि हिचा हात पाटीवर चालेना. तिसऱ्या दिवशी ती गेली नाही. भिकाजी तेव्हा पिरंगुटला पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात वॉचमन होता. सातवी शिकलेला. त्याचं अक्षर असं, की गावातली माणसं अर्ज लिहून घ्यायला त्याच्याकडं यायची आणि तालुक्याचा कारकून विचारायचा, हे कुणी लिहून दिलं. त्यानं बायकोला काही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी येताना तपकिरी पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली. आठवड्यातून एक-दोनदा ड्यूटीवर जाताना तो पानावर वरची ओळ लिहून ठेवायचा आणि दुपारी काम आवरलं की चांगुणा त्याखाली तीच ओळ दहा वेळा गिरवायची.

आधी अक्षरं झाली, मग नावं, गावं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो मनातलं लिहायला लागला. ‘चांगुणा आज बोलत नाही.’ ‘रागावली असशील तर रागाव, पण डब्यात चटणी घाल.’ ‘निळं लुगडं तुला शोभतं.’ दहा वेळा गिरवता गिरवता चांगुणाचा राग कधीच निघून जायचा, आणि लुगड्याचं वाक्य लिहिताना ती दाराची कडी लावून बसली होती. दोन वर्षांत तिला चांगलं वाचता यायला लागलं. अर्धी वही भरली, अर्धी कोरी राहिली.

भिकाजी आजारी पडल्यावर तिनं ती वही पुन्हा बाहेर काढली. आता वरची ओळ ती लिहायची आणि खाली भिकाजी डाव्या हातानं गिरवायचा. त्याचं एकेक अक्षर चार-चार ओळी खायचं, भ कुठं आणि क कुठं. कधी तो पेन्सिल भिरकावून द्यायचा. चांगुणा ती पुन्हा उचलून आणायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात चालता ठेवा, आणि ती ते मनापासून करत होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी, शिबिराच्या शेवटच्या दिवशी, खळ्यावर न जाता ती सकाळीच चालत पिरंगुटला निघाली. तास-सव्वा तासाची वाट. ऊन चढायच्या आत ती शाळेच्या आवारात पोचली.

आवारात तीन ढीग लागले होते आणि मधल्या आंब्याला मोठा तराजू टांगला होता. उरवड्याच्या ढिगापाशी जो मुलगा पोत्यांची तोंडं शिवत होता त्याचं नाव वाल्मीक. चांगुणानं त्याला वहीचं वर्णन सांगितलं आणि ती चुकून आली आहे, परत द्या, असं म्हटलं. वाल्मीकनं हातातला दाभण खाली ठेवला. त्याला वही आठवत होती. तो थोडा घुटमळला.

“मावशी, चुकून नाही आली. काकांनी स्वतः दिली,” तो म्हणाला. “आम्ही पुढच्या घराकडं निघालो होतो. त्यांनी हाक मारल्यासारखं केलं, उठून आत गेले आणि डाव्या हातानं वही माझ्या हातात दिली. मी उघडून बघायला लागलो तर मिटायला लावली.”

चांगुणा ऐकून मागं फिरली. शाळेच्या पायरीवर जाऊन बसली. भिंत धरल्याशिवाय भिकाजीला उठता येत नव्हतं. कोनाडा आतल्या खोलीत होता. म्हणजे तो किती धडपडून गेला असेल, हे तिला बसल्या जागी दिसलं. ज्या माणसानं गावाचे अर्ज लिहिले, त्याच्यापुढं रोज संध्याकाळी आपण वही ठेवत होतो. शेजारणी बघायच्या, आळीतली पोरं बघायची. आपण कधी त्याला विचारलंच नाही. ही गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि तिला घरी परत जावंसं वाटलं. पण वही रद्दीत सोडून जाववेना.

वाल्मीकनं गुंजाळ सरांना बोलावून आणलं. सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटत होतं, पण त्यांनी तिला सहावा नियम सांगितला आणि तो का करावा लागला तेही सांगितलं. आज एक वस्तू परत दिली तर उद्या दुसरी द्यावी लागेल. शिवाय चौथ्या नियमाप्रमाणं मालकानं राजीखुशीनं दिलेलीच वस्तू घ्यायची होती, आणि ती तशीच घेतली होती.

चांगुणानं तो नियमांचा छापील कागद मागितला. सरांना वाटलं, कुणाकडून तरी वाचून घेईल. पण तिनं कागद मांडीवर धरला आणि ओळीखाली बोट ठेवून पहिल्या नियमापासून वाचत आली. वेळ लागला. सर उभेच होते. चौथ्या नियमाशी तिचं बोट थांबलं.

“ह्यात मालक लिव्हलंय. त्या वहीचा मालक कोण?” तिनं विचारलं.

ज्यांनी दिली ते, असं सर म्हणाले. मग तिनं वही एकदा डोळ्यांनी बघू द्या म्हटलं. एवढं नाकारण्यासारखं काही नव्हतं. वाल्मीकनं दोन पोती उसवली आणि वही शोधून आणली. तिचा पुठ्ठा गेला होता, मागची कोरी पानंही गेली होती. ती रात्रीच सोडवून नव्या वह्यांत शिवली गेली होती. उरली होती ती लिहिलेली पानं, कडेला दोरा लोंबत असलेली.

चांगुणानं ती सरांपुढं धरली. “ही बघा, ही वरची ओळ ह्यांची, खालच्या धा ओळी माझ्या. आन हितनं पुढं वरची ओळ माझी, खालची ह्यांची. त्यांनी दिली ती त्यांच्या ओळींपुरती. माझ्या ओळी मी कुटं दिल्यात, सर?”

गुंजाळ सर पान बघत होते. त्यांनी एक ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि तिसरी अर्धी वाचून वही मिटली. हे मी वाचायला नको होतं, असं ते हळू आवाजात म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. नियम मोडायचा नव्हता. पण ही बाई नियम मोडा म्हणत नव्हती.

त्यांनी तिन्ही कॉलेजांच्या प्रमुख विद्यार्थ्यांना बोलावलं आणि सांगितलं की या वस्तूला दोन मालक आहेत, एकाची संमती घेतलेली नाही, म्हणून ती जमा झाली असं धरता येत नाही. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. नेऱ्याच्या मुलानं हरकत नाही म्हणून मान हलवली. कासारसाईच्या गटाची प्रमुख म्हणून एक उंच मुलगी आली होती. तिनं विचारलं की मग यांची कोरी पानं यांना का मिळू नयेत. ती आता कुठल्या वहीत गेली हे सांगणं कठीण आहे, असं वाल्मीक म्हणाला. तेव्हा ती मुलगी आपल्या ढिगाकडं गेली आणि सुटी कोरी पानं मूठभर घेऊन आली. ते बघून नेऱ्यावाल्यांनीही दिली. त्या पानांचे त्यांचे गुण कमी होणार होते, पण सरांनी आपल्या नोंदवहीत तशी नोंद केली आणि कुणी त्यावर वाद घातला नाही.

वाल्मीकनं पायरीवर बसून वही शिवली. कुठं एकरेघी पान, कुठं दुरेघी, कुठं गणिताच्या चौकटींचं. वर खाकी पुठ्ठा घातला. चांगुणानं त्याला विचारलं, तुझं गाव कुठलं, आई काय करती. तो सांगत होता तोवर वही तयार झाली. जाताना सर म्हणाले की वस्तूला दोन मालक असतील तर दोघांची संमती घ्यायची, ही गोष्ट ते नियमात घालणार आहेत. उरवड्याच्या गटाचा त्या दिवशी दुसरा नंबर आला असं तिला नंतर रंभाबाईकडून कळलं.

घरी आल्यावर तिनं वही भिकाजीपुढं ठेवली नाही. भाकरी केली, दोघं जेवली. मग ती त्याच्याजवळ बसून म्हणाली, पोरानं सांगितलं मला, तुमीच दिली म्हणून. भिकाजीनं खाली बघितलं. त्याचे ओठ बराच वेळ हलत राहिले. चांगुणा थांबली. एरवी ती त्याचा शब्द त्याच्या आधीच पुरा करून टाकायची, तसं तिनं केलं नाही.

“शाळा... नको,” भिकाजी म्हणाला.

“मग न्हाई करायची शाळा,” चांगुणा म्हणाली. “माझं चुकलं.”

त्यानं तिच्या हातावर डावा हात ठेवला, आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला.

त्यानंतर तिनं वरची ओळ लिहिली नाही. वही आणि पेन्सिल मात्र त्याच्या अंथरुणाशी ठेवायची आणि कामाला जायची. चार दिवस वहीला कुणी हात लावला नाही. पाचव्या दिवशी ती खळ्यावरून आली तेव्हा चौकटींच्या पानावर मोठाली, वाकडी अक्षरं होती. एका चौकटीत एक अक्षर बसवायचा प्रयत्न केलेला, काही बाहेर सांडलेली. तिला ती लावायला वेळ लागला. ‘कोंडाजीला बोलव.’

कोंडाजी हा कारखान्याच्या गेटवरचा दुसरा वॉचमन. अकरा वर्षं दोघं एका गेटवर होते. भिकाजी आजारी पडल्यावर तो दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा भिकाजी भिंतीकडं तोंड करून पडला, म्हणून चांगुणानंच त्याला सांगितलं होतं, आता काही दिवस येऊ नका, ह्यांना लाजल्यासारखं होतं. तो आला नाही आणि ती ते विसरून गेली. वर्षभर भिकाजी त्याची वाट बघत असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पिरंगुटला गेली, कारखान्याच्या गेटवर. कोंडाजीनं तिला बघितलं आणि तो खुर्चीवरून उठून उभाच राहिला, त्याला वाटलं वाईट बातमी आहे. तिनं काय ते सांगितल्यावर तो म्हणाला, वहिनी, मी रोज म्हणायचो जाऊ, पण तुम्ही नको म्हणाला होता.

रविवारी तो आला. कारखान्यात कोण नवीन लागलं, कुणाची बदली झाली, साहेबाच्या गाडीमागं कुत्रं कसं लागलं, हे सगळं सांगत बसला. भिकाजी ऐकत होता. मधेच त्यानं वही ओढली आणि काहीतरी खरडलं. कोंडाजीनं वही उलटी धरली, सुलटी धरली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाला, भिकाजी, लेका, तुझं अक्षर माझ्याहून वाईट झालं की रे. चांगुणा आतून ऐकत होती, ती झटकन उठून दाराशी आली. पण बाहेरून आवाज आला तो भिकाजीच्या हसण्याचा. घोगरा, तुटक, मधेच खोकला येणारा. कोंडाजीही हसायला लागला.

चांगुणानं दुसऱ्यांदा चहाचं आधण ठेवलं.