टाचेपाशी थांबलेला मोजा

माझी बायको गेली तेव्हा तिच्या टोपलीत दीड मोजा होता. एक पुरा झालेला, दुसरा टाचेपर्यंत आलेला. राखाडी लोकर, माझ्या मापाचे. मी नळदुरुस्तीची कामं करतो. पाय कायम ओलाव्यात असतात, म्हणून दर थंडीला ती नवा जोड विणायची आणि दर थंडीला विचारायची, "तुमच्या पायांना दात आहेत का हो? टाचा खाऊन टाकता."

नातेवाईक आपापल्या घरी गेले, घर रिकामं झालं, तेव्हा मी ती टोपली समोर घेतली. अर्धा मोजा उसवून टाकायचं मनात येईना आणि तसाच ठेवणंही जमेना. ठरवलं, आपणच पुरा करायचा.

शिकवायला तीच होती. फोनवर विणकामाचा एक मोठा गट होता, तो तिनेच सुरू केलेला. तिथे तिने व्हिडिओ टाकले होते. त्यात तिचा चेहरा कधीच नसायचा. फक्त हात, सुया, लोकर आणि आवाज. आवाज आमच्या स्वयंपाकघरातलाच. मधेच कुकरची शिट्टी, मधेच माझं खोकणं, आणि त्यावर तिचं, "हे आमचे हे, लक्ष देऊ नका." मोज्याचे व्हिडिओ दोन. पहिल्यात वरची पट्टी आणि नळी, दुसऱ्यात टाच. दुसरा तिने आजारपणात केला होता, दम लागत होता. तिचा तो शेवटचा.

मी पहिल्या व्हिडिओवर एका जुन्या लोकरीत सराव सुरू केला. दोन्ही हात अडकलेले, मग फोन थांबवायला नाक लावायचो. माझी मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, एकदा डबा घेऊन आली तेव्हा दारातच उभी राहून बघत राहिली. म्हणाली, "भाऊजी, ती सुई आहे, पाना नाही. सोडा जरा, पळून जाणार नाही." आम्ही दोघंही हसलो, बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच. मग ती तोंड धुवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

हात थोडा बसल्यावर मी टाचेचा व्हिडिओ लावला. त्याखाली लोकांनी लिहिलेलं होतं. बहुतेकांनी हळहळ व्यक्त केली होती. सगळ्यांच्या वर मात्र एकाने लिहिलं होतं, "बरी गेली. दुसऱ्यांना टाके शिकवत होती, शेवटी डॉक्टरांनी हिलाच टाके घातले." खाली हसण्याची चिन्हं. त्याखाली त्याचंच आणखी. तिच्या शस्त्रक्रियेबद्दल, शरीराबद्दल. ते मी इथे लिहीत नाही.

नाव होतं 'स्पष्टवक्ता'. मी ओळखलं. गटात एक बेकरीवाली होती, आमच्याच शहरातली, वयाने लहान. हा माणूस तिला एकटीला गाठून घाण लिहायचा. तिने तक्रार केली तेव्हा बायकोने तिला फोन केला. तिची पद्धतच ती. तक्रार आली की आधी फोन. "जेवलीस का? बरं, आता सांग," असं म्हणून ऐकत बसायची, मग दुसऱ्या बाजूलाही फोन करायची. त्याला तिने सांगितलं होतं, सगळ्यांसमोर माफी मागा नाहीतर निघा. त्याने माफी मागितली नाही. तिने त्याला काढलं.

मी तिला चिडवायचो की पगार नाही की पाणी नाही आणि हिची कचेरी चालू. ती म्हणायची, गळतीची तक्रार आली तर तुम्ही जाऊन बघता ना? तसंच हे.

आजारपणात तिने गटाचं प्रमुखपद सोडलं. दुसरं कोणी पुढे आलं नाही. मग देखरेख अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीकडे गेली, म्हणजे कोणाकडेच नाही. तो 'स्पष्टवक्ता' त्याच नावाने नवं खातं काढून आत आला.

बायकोचा फोन माझ्याकडेच होता, त्यातूनच मी तक्रार केली. तिथे कारणं दिलेली असतात, त्यातलं एक निवडायचं. नग्नता, हिंसा, फसवणूक, खोटी माहिती. गेलेल्या बाईची विटंबना असं कुठे नव्हतं. सगळ्यात शेवटी होतं, 'मला हे आवडलं नाही'. मला आवडलं नव्हतंच. मी ते दाबलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आम्ही तपासलं, हा मजकूर आमच्या नियमांत बसतो. तुम्हाला त्रास होत असेल तर त्या व्यक्तीला ब्लॉक करा. खाली बटण होतं.

मी बटण दाबलं आणि सगळं गेलं. एक अक्षर राहिलं नाही. मी दोनतीनदा वर-खाली करून पाहिलं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, ऐकलं. पाइप बंद केला की पाणी थांबतं, एवढंच मला माहीत. मेहुणीला फोन करून सांगितलं की काम झालं. मग मी निवांतपणे तिचा टाचेचा व्हिडिओ पाहू लागलो. निम्मे टाके बाजूला ठेवायचे, उरलेले पुढे-मागे विणायचे, आणि मग मधूनच परत फिरायचं. ते परत फिरणं मला कळत नव्हतं. मी ते पुन्हा पुन्हा लावायचो. सरावाची टाच वाकडी यायची, उसवायचो, पुन्हा. खऱ्या मोज्याला अजून हात लावला नव्हता.

रविवारी मेहुणी आली. चपला काढल्या नाहीत, तशीच बसली. म्हणाली, "भाऊजी, काम झालं म्हणालात ना? मग हे काय आहे?" तिच्या फोनवर सगळं होतं तसंच होतं. उलट वाढलं होतं. त्याला आणखी साथीदार मिळाले होते. बेकरीवालीने मधे पडून लिहिलं होतं की मावशींनी माझी बाजू घेतली होती, मेलेल्या माणसाची तरी लाज बाळगा. मग ते सगळे तिच्यावर उलटले. तिच्या दुकानाचा फोटो, पत्ता, ती किती वाजता कुलूप लावते, सगळं तिथे लिहिलं होतं.

मेहुणीने मला समजावलं. ब्लॉक म्हणजे फक्त बायकोच्या फोनवर दिसणार नाही. जगाला दिसणारच. मी घाण काढली नव्हती, फक्त माझ्या खिडकीला पडदा लावला होता. आणि पडद्याआड बसून मी टाच शिकत होतो.

बेकरीवालीने खूप वेळा तक्रार केली होती. प्रत्येक वेळी तिला तेच उत्तर आलं होतं, शब्दाला शब्द. ब्लॉक उठवून मीही पुन्हा केली. या वेळी 'हिंसा' निवडलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, नियमांत बसतं. मी बोलायला माणूस मागितला. तिथे माणूस नव्हता. मदत हवी असेल तर आधी आमच्या मदतीच्या पानावर शोधा, असं आलं. त्या पानावर शोधलं तर तक्रार कशी करावी ते लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी बायकोच्याच खात्यातून त्याला उत्तर लिहिलं. मला फार लिहिता येत नाही. लिहिलं, त्या मुलीच्या दुकानाजवळ दिसलास तर माझ्या हातात पाना असेल, आणि मी तो नळाला लावणार नाही.

चहा ओतून घेईपर्यंत कंपनीचं उत्तर आलं. इतक्या लवकर त्यांचं कधीच काही आलं नव्हतं. तुमच्या खात्यावरून हिंसेची धमकी दिली गेली आहे. खातं थांबवण्यात येत आहे. तुमचं म्हणणं मांडायचं असल्यास खाली मांडा.

मेहुणी म्हणाली होती, आता काही लिहायचं तर मला विचारून लिहा. मी विचारलं नाही. मला वाटलं, खरं सांगितलं तर कोणीतरी समजून घेईल. पहिलाच प्रश्न होता, हे खातं तुमचं आहे का? मी लिहिलं, नाही, माझ्या बायकोचं आहे. ती वारली. तिच्याबद्दल घाण लिहिलंय, ते काढा, मग मीही माझं मागे घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका इमारतीच्या गच्चीवर टाकीखाली वाकलो होतो, तेव्हा खिशात बायकोचा फोन वाजला. खातं मूळ मालकाखेरीज दुसरी व्यक्ती वापरत असल्याचं तुम्ही मान्य केलं आहे. हे नियमांत बसत नाही. खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. त्यावरचा सर्व मजकूर काढून टाकला आहे.

सर्व मजकूर म्हणजे काय ते घरी येऊन कळलं. तिचे हात, कुकरची शिट्टी, माझं खोकणं, सगळं. मेहुणीला फोन केला. तिने हळूच विचारलं, व्हिडिओ उतरवून ठेवले नव्हतेत का? मी म्हटलं, ते तिथे होते ना. ती रडायला लागली. तिनेही ठेवले नव्हते. तिलाही तसंच वाटलं होतं.

आणखी दोन दिवसांनी माझ्या जुन्या तक्रारीचं आणखी एक उत्तर आलं. तुम्ही कळवलेला मजकूर आता उपलब्ध नाही, त्यामुळे तक्रार निकाली काढली आहे. व्हिडिओच गेला तर त्याखालचं लिखाणही जाणारच. 'आमची सेवा कशी वाटली?' खाली पाच चांदण्या.

'स्पष्टवक्ता' अजून आहे. त्याचं खातं नियमांत बसतं.

बेकरीवालीने गट सोडला. संध्याकाळी दुकान लवकर बंद करते, भाऊ घ्यायला येतो. एका दुपारी ती माझ्याकडे पाव घेऊन आली. माझ्यामुळे झालं हे, म्हणाली. मी म्हटलं, तसं नाही गं. ती टोपलीकडे बघत होती. मी अर्धा मोजा तिच्या हातात दिला आणि विचारलं, टाच येते का?

टाच मावशींकडूनच शिकले होते, म्हणाली. खिडकीपाशी बसली, निम्मे टाके बाजूला घेतले आणि विणायला लागली. मी समोर खुर्ची ओढून बसलो. तिचे टाके घट्ट होते, बायकोचे सैल असायचे. जोड लागला तिथे ते दिसत होतं. मधूनच परत फिरायची जागा आली तेव्हा ती थांबली आणि मला दाखवत म्हणाली, "इथे घाबरायचं नाही. टाके उरलेले दिसतात, पण ते सुटलेले नसतात. परत येताना घ्यायचे असतात."

हे वाक्य व्हिडिओतलं होतं. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढचा शब्द मला आधीच ठाऊक होता. मी डोळे मिटले आणि ते बायकोच्या आवाजात ऐकायचा प्रयत्न केला. शब्द सगळे आले. आवाज बेकरीवालीचाच येत राहिला.